यान आधी आतून बांधा

फोम बोर्डाचे मोठे अंतराळयान करायला घेणारे बहुतेक जण बाहेरून सुरुवात करतात. चित्रपटातल्या यानाचे छायाचित्र समोर ठेवायचे, त्याच्या बाजू बोर्डावर आखायच्या, कापायच्या आणि एकमेकींना चिकटवायच्या. एक-दीड फुटाच्या मॉडेलला ही रीत चालून जाते. लांबी दोन मीटरवर गेली की याच रीतीने केलेले यान मधोमध झोल खाते आणि त्याच्या कडा पिळवटतात. त्यातूनही ते उभे राहिलेच, तर एखादे लांबलचक खोके वाटते. या दोन्ही दोषांचे मूळ माझ्या मते एकच आहे. प्रमाण आणि सांगाडा ठरवण्याआधीच आपण वरच्या आवरणाला हात घातलेला असतो. मोठे यान आतून बाहेर बांधावे लागते, आणि तसे बांधायला घरात हाताळता येण्याजोग्या साहित्यात फोम बोर्डाइतके सोयीचे दुसरे काही नाही.

नागपूरकरांना याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शहराच्या जुन्या भागातून काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळेही असतात. १८८० च्या दशकापासून ही परंपरा चालत आली आहे. माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठ्या या आकृती गर्दीतून, धक्के खात, वळणे घेत मिरवल्या जातात, आणि अनेकदा हे सगळे भर पावसाळ्यात होते. लोकांच्या नजरेत भरतो तो चेहरा आणि रंग. धक्के सोसतो तो मात्र आतला बांबूचा सांगाडा. आधी कामट्या बांधल्या जातात, कागद-कापड त्यावर नंतर चढते, रंग सर्वांत शेवटी. हलक्या साहित्यातून भव्य आकार उभा करायचा तर क्रम हाच असावा लागतो, हे या शहरातल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. विमानाचे धडही याच तत्त्वावर बांधतात. ठरावीक अंतरावर आडव्या चौकटी, त्यांना जोडणारे लांब दांडे आणि वर पातळ पत्रा, असे ते असते. शहराजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्याने बोइंगच्या ७८७ ड्रीमलायनरसाठी कंपोझिट फ्लोअर बीम तयार केले. तेव्हा हलक्या वजनातून ताकद कशी काढतात, हा विषय नागपूरला परका नाही.

यामागचे गणित साधे आहे, पण ते समजून घेतले नाही तर नासाडी होते. मॉडेलची लांबी, रुंदी, उंची सगळे दुप्पट केले की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे बोर्डही चौपट लागतो. इथपर्यंत बहुतेकांचा अंदाज बरोबर येतो. फसगत पुढे होते. त्याच जाडीचा बोर्ड दोन टोकांवर टेकवून मधले अंतर दुप्पट केले, तर स्वतःच्याच वजनाने पडणारा झोल दुप्पट किंवा चौपट न होता सोळापट होतो. लहान मॉडेलमध्ये डोळ्याला न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा बाक मोठ्या मॉडेलमध्ये आठ मिलिमीटरचा खड्डा होतो. यावर जाड बोर्ड आणणे हा उपाय महाग आणि जड. खरा उपाय असा की मॉडेल कितीही वाढले तरी आतल्या आडव्या पडद्यांमधले अंतर वाढू द्यायचे नाही. पाच मिलिमीटरच्या बोर्डासाठी हे अंतर पंधरा सेंटिमीटरच्या आसपास धरावे. अर्ध्या मीटरच्या यानात चार पडदे पुरतील, दोन मीटरच्या यानात चौदा लागतील. एवढे कोण कापणार, असे म्हणून इथे हात आखडता घेतला जातो, आणि मग झोल लपवण्यासाठी लांबी (पुट्टी) भरण्यात त्याहून दुप्पट वेळ जातो.

सांगाड्याच्याही आधी प्रमाण येते. यान भव्य वाटणे आणि मॉडेल लांब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला डोक्यावरून सरकत जाणारे, संपता न संपणारे स्टार डिस्ट्रॉयर प्रत्यक्षात सुमारे तीन फुटांचे मॉडेल होते. कथेत त्याची लांबी दीड किलोमीटरहून अधिक मानली जाते. त्याआधी १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी डिस्कव्हरी यानाचे मोठे मॉडेल ५४ फूट लांब केले होते, कारण कॅमेरा त्याच्या अगदी जवळून जाणार होता. दोन्ही याने पडद्यावर प्रचंड दिसतात. त्यांना भव्य करतो तो त्यांच्यावरचा सर्वांत लहान तपशील आणि एकूण आकार यांचा संबंध. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: या यानात माणूस केवढा आहे? १:५०० हे प्रमाण घेतले तर पावणेदोन मीटरचा माणूस साडेतीन मिलिमीटरचा होतो, दोन मीटरचा दरवाजा चार मिलिमीटरचा आणि एक मीटरची खिडकी दोन मिलिमीटरची. यातला एक आकडा चुकला, समजा खिडकी सहा मिलिमीटरची झाली, की एक किलोमीटरचे यान बघणाऱ्याच्या नजरेत तिसऱ्या हिश्शावर येते. त्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याचा विश्वास उडालेला असेल. फोम बोर्डाची उघडी कडसुद्धा अशीच घात करते. पाच मिलिमीटर जाडी म्हणजे या प्रमाणात अडीच मीटर जाडीची भिंत. म्हणून एकही कापलेली कड उघडी दिसता कामा नये.

प्रमाण ठरवायला कथा लागते, आणि इथे मला मराठी वाचकांकडे बोट दाखवावेसे वाटते. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि ती पहिली आली. त्यालाही आता अर्धशतक होऊन गेले. तेव्हापासून मराठीत अंतराळप्रवासाच्या कथा सातत्याने लिहिल्या गेल्या, पण त्यांतली याने कोणी हाताने घडवून समोर ठेवल्याचे क्वचितच दिसते. आपण घडवतो ती हॉलिवूडची. नक्कल करण्यात पाप नाही, हात बसायला ती उत्तमच. पण स्वतःचे यान योजताना जे प्रश्न पडतात ते नकलेत पडत नाहीत. उदाहरणार्थ, प्रवाशांना पृथ्वीइतके वजन जाणवावे म्हणून यानाला फिरते कडे द्यायचे आहे. चक्कर येऊ नये म्हणून ते मिनिटाला दोनच फेरे घेणार असे धरले, तर कड्याची त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. १:५०० प्रमाणात व्यास जवळपास नव्वद सेंटिमीटर येतो. मंगळाइतके वजन पुरणार असेल तर त्रिज्या ८५ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ३४ सेंटिमीटर व्यास. यान कसे दिसेल ते अशा आकडेमोडीतून ठरू लागले की प्रत्येक भागाला तिथे असण्याचे कारण मिळते.

आता प्रत्यक्ष बांधणी. दोन मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर चौरस छेदाचे मुख्य धड घेऊ. बाहेरचे आवरण, चौदा पडदे आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या धरून साधारण साडेचार चौरस मीटर बोर्ड लागतो. ए-१ आकाराचा एक बोर्ड अर्ध्या चौरस मीटरचा असतो. कापताना वाया जाणारा भाग धरून अकरा-बारा बोर्ड आणावेत. कण्यासाठी अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून एक इंची चौरस पाइप घ्यावा. सगळा सरळपणा या पाइपवर अवलंबून आहे. पडद्याचा एक फर्मा जाड पुठ्ठ्यावर अचूक कापून घ्यायचा, त्याच्या मधोमध पाइपच्या मापाचे चौकोनी भोक पाडायचे, आणि सगळे पडदे त्याच फर्म्यावरून कापायचे. प्रत्येक पडदा वेगळा मोजून कापला तर मिलिमीटर-अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साठत जातात आणि आवरण चढवताना फट पडते. पडदे पाइपवर ओवून गुण्याने काटकोनात लावले की यानाचा सांगाडा पहिल्या आठवड्यातच डोळ्यांपुढे उभा राहतो. स्टँडचा आधारही पाइपला किंवा पडद्याखाली द्यावा. आवरणाखाली दिलेला आधार काही महिन्यांत आत रुततो. घराचा दरवाजा आणि जिन्याचे वळण आधीच मोजून ठेवावे. तीन भागांत सुटणारे यान रिक्षातूनही शाळेच्या प्रदर्शनाला नेता येते. जोड पडद्यावर घ्यावा, म्हणजे दोन पडदे समोरासमोर येतात आणि सांधा एका साध्या रेषेत लपतो.

कड्यासाठी बोर्ड गोल वळवण्याच्या भानगडीत पडू नये. नव्वद सेंटिमीटर व्यासाचे कडे चोवीस सरळ तुकड्यांचे केले, तर प्रत्येक तुकडा पावणेबारा सेंटिमीटरचा येतो आणि दोन्ही टोकांना साडेसात अंशांचा तिरका काप द्यावा लागतो. खऱ्या वर्तुळापासून फरक चार मिलिमीटरहून कमी राहतो. शिवाय एवढे मोठे कडे अवकाशात सुट्या भागांतूनच जोडावे लागेल, तेव्हा हे कंगोरे खरेच वाटतात. इंजिनाजवळचे लहान नळकांडे हवे असेल तर बोर्डाच्या एका बाजूचा कागद भिजवून सोलून काढावा आणि टेबलाच्या कडेवरून बोर्ड हळूहळू वळवावा. कापताना पाते एका दमात आरपार नेऊ नये. पहिल्या फेरीत वरचा कागद, दुसऱ्या फेरीत गाभा, तिसऱ्या फेरीत खालचा कागद. पाते बोथट झाले की गाभा फाटून दाणेदार होतो, म्हणून पात्यांत काटकसर करू नये. पट्टी लोखंडी हवी आणि तिला धरणारी बोटे कापाच्या रेषेपासून मागे हवीत. मुले हे काम करणार असतील तर कटर मोठ्यांच्या हातात असावा.

चिकटवण्यासाठी पांढरा फेव्हिकॉल, टाचण्या आणि मास्किंग टेप एवढे पुरते. रबरी गोंद, फेविक्विक आणि साधा स्प्रे पेंट यांपासून दूर राहावे. बोर्डाचा गाभा पॉलिस्टायरिनचा असतो आणि या पदार्थांमुळे तो विरघळतो किंवा खचतो. स्प्रे मारायचाच असेल तर आधी प्रत्येक कड कागदी पट्टीने झाकून, पातळ केलेला फेव्हिकॉल किंवा अॅक्रिलिक प्रायमर दोनदा फिरवावा. ग्लू गन झटपट आहे म्हणून मोह होतो. तिचा गोंद मात्र उष्णतेत मऊ पडतो. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, आणि बंद गाडीत किंवा टिनाच्या छताखाली त्याहून कितीतरी अधिक. सांगाड्याचे सांधे ग्लू गनवर सोडले तर उन्हाळ्यात ते सुटतील. वरचे बारीक भाग लावायला ती ठीक आहे.

हवेचा विचार इथे वेगळा करावाच लागतो. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद आहे आणि कागद ओल शोषून फुगतो. एका बाजूला पाण्याचा रंग लावला की ती बाजू आधी फुगते, वाळताना आक्रसते आणि अख्खा बोर्ड वाकवते. म्हणून आवरणाच्या आतल्या बाजूलाही रंगाचा एक हात द्यावा, तो दिसणार नसला तरी. पावसाळ्यात फेव्हिकॉल वाळायला वेळ घेतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. कूलरचे तितके लक्षात येत नाही. वैदर्भी उन्हाळ्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते, आणि घरात कूलर ओली हवा फेकत असतो. त्याच्या झोतासमोर ठेवलेला बोर्ड एका दुपारीत वाकतो. बोर्ड कूलरच्या खोलीत ठेवू नयेत, आणि ठेवायचे तिथे आडवे, वर वजन देऊन ठेवावेत. सर्वांत चांगला काळ दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की फोम बोर्ड शोधत कशाला बसायचे, सनबोर्ड तर फ्लेक्सवाल्यांकडेही मिळतो आणि आर्किटेक्चरची मुले तोच वापरतात. सनबोर्ड ओलीला डगमगत नाही हे खरे, आणि कागद नसल्याने वाकतही कमी. पण तो फुगवलेल्या पीव्हीसीचा असतो आणि त्याच जाडीत फोम बोर्डाच्या चार-पाच पट जड भरतो. आपले अडीच किलोच्या आसपासचे धड सनबोर्डात दहा किलोच्या वर जाते, मग पाइप जाड लागतो, स्टँड जड लागतो, हलवायला दोन माणसे लागतात. ज्यांवर भार येतो ते टोकांचे आणि जोडाचे पडदे सनबोर्डाचे करावेत, बाकी नको. दुसरा आक्षेप थ्रीडी प्रिंटिंगचा. इंजिनाची तोंडे, अँटेना, एकसारखे पन्नास लहान भाग यांसाठी ते उत्तम आहे. दोन मीटरचे धड छापायचे तर घरगुती यंत्रावर शेकडो तासांचे काम होते, आणि शेवटी ते तुकडे जोडून पुन्हा लांबी भरावी लागतेच.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि फोम बोर्डाचा गाभाही त्याच कुळातला आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच चार दिवसांच्या देखाव्यासाठी, गणपतीच्या मखरासाठी फोम बोर्ड मुळीच वापरू नये. तिथे खोक्यांचा पन्हाळी पुठ्ठा घ्यावा. या लेखातली रीत पुठ्ठ्यालाही लागू पडते, फक्त तो जड असल्याने आणि त्याच्या पन्हाळ्यांची दिशा सांभाळावी लागत असल्याने काम सावकाश होते. फोम बोर्ड वर्षानुवर्षे जपायच्या वस्तूसाठीच घ्यावा, तुकडे पुढच्या कामाला ठेवावेत, आणि मारबतीप्रमाणे शेवटी जाळण्याचा विचार मनातही आणू नये. पॉलिस्टायरिनचा धूर घातक असतो, पीव्हीसीचा त्याहून अधिक.

सांगाडा आणि आवरण झाले की भंगारातून तपशील चढवण्याची घाई होते. बटणे, पेनांची टोपणे, जुन्या रिमोटचे सर्किट, रिकाम्या सिरिंज. चित्रपटांचे मॉडेलकारही रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खेळण्यांच्या किटमधले सुटे भाग असेच वापरत. हा मार्ग चांगला आहे, पण भाग सगळीकडे सारखे पसरले की यानाचा आकारच बुजतो. जिथे कामाचे कारण आहे तिथे गर्दी करावी: इंजिनाभोवती, टाक्यांच्या जोडांवर, यान लागायच्या धक्क्याजवळ. उरलेला पृष्ठभाग शांत ठेवावा, फक्त जाड ड्रॉइंग पेपरचे पत्रे चिकटवून. पाव मिलिमीटरचा कागद १:५०० प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचा होतो, आणि चिलखती पत्र्याला तेवढी जाडी शोभते. राखाडीच्या तीन-चार जवळच्या छटा आलटून पालटून दिल्या की पृष्ठभाग जिवंत होतो. एक गोष्ट मात्र आवर्जून लावावी: उष्णता बाहेर टाकणारे मोठे सपाट पंखे, म्हणजे रेडिएटर. अवकाशात हवा नसल्याने उष्णता फक्त किरणांच्या रूपातच बाहेर जाऊ शकते, म्हणून अणुशक्तीवर चालणाऱ्या यानाला ते लागतातच. डिस्कव्हरीच्या आराखड्यातही ते होते. प्रेक्षकांना पंख वाटतील म्हणून काढून टाकले गेले. फोम बोर्ड सपाट पत्र्यातच सर्वांत सरळ आणि सुंदर राहतो, तेव्हा विज्ञानाला जे हवे तेच या साहित्याला सर्वांत चांगले जमते. दिवे लावायचे असतील तर एलईडीची माळ आवरण बंद करण्याआधी आत सोडावी, आतून काळा रंग द्यावा म्हणजे सांध्यांतून उजेड झिरपणार नाही, आणि खिडक्या सुईने पाडाव्यात. खिळ्याने पाडलेली खिडकी या प्रमाणात दुकानाच्या शटरएवढी होते.

खर्चाचा आणि वेळेचा मोठा वाटा न दिसणाऱ्या भागात जातो, ही तक्रार शेवटपर्यंत राहील. आई-वडील विचारतील, शिक्षक विचारतील, की महिना झाला तरी यान कुठे दिसते आहे? त्यांना पाइपवर ओवलेले चौदा पडदे दाखवावेत आणि एक टोक उचलायला सांगावे. तेवढ्या लांबीची वस्तू एका हाताने, न वाकता वर उचलली जाते हे पाहिल्यावर प्रश्न थांबतात. येत्या दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करणार असाल तर पहिल्या दिवशी बोर्ड आणूच नका. वहीच्या एका पानावर यानाची खरी लांबी, माणसांची संख्या, प्रमाण आणि खिडकीचे माप लिहा, दुसऱ्या दिवशी फर्मा कापा. रंगाचा डबा डिसेंबरात घेतला तरी चालेल.